पाणी हाय, हळू उतर

ये रे दिलीप, इकडं जवळ ये. आधी तो मोबाईल पालथा ठेव. काल फोनवर काय विचारलंस मला? "आत्या, सईला एअरो सायकल घ्यायचीय रेसिंगची, ही काळी घेऊ की निळी?" रंग विचारतोस? बायको बघायला आला होतास तेव्हा तीनदा चहा पिऊन गेलास, आणि लेक जिच्यावर बसून घाट उतरणार ती सायकल फोटोवरून पसंत करतोस? परळीकडं फिरकला नाहीस कित्येक दिवसांत, म्हणून आत्याची अक्कल फोनवर मागवायची वेळ येते.

तेव्हा फोनवर मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ओरडले असते. आता या दिवाळी अंकाच्या बाईंनी "तुमच्या कामाविषयी लिहा" म्हणून मागं लागून कागद दिलेत, तर तुलाच मनातल्या मनात समोर बसवून सांगते. बाकीचे वाचतील, त्यांच्याही घरात पोरं असतीलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी कौसल्या. परळीला स्टेशनच्या बाजूला आम्हा बायकांच्या सहकारी संस्थेचं सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. लहानथोर सगळे मला कौसाकाकू म्हणतात, हा एक दिलीप सोडून. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण सायकली खोलून. खोललेली परत जुळली नाही की ती का जुळली नाही, हे कळेपर्यंत मी जेवत नसे. अशानं वजनही आटोक्यात राहिलं.

एअरो म्हणजे काय ते आधी समजून घे, मग रंगाचं बघू. तुमच्या पुण्यात वारा दिसत नाही. आमच्या परळीत दिसतो. थर्मलची, म्हणजे वीज केंद्राची, राख रस्त्यावर पडलेली असते. राखेची गाडी भरधाव गेली की मागं बघायचं: राख गाडीच्या पाठीशी गरगर फिरते आणि तिच्याच मागं ओढली जाते. ती गाडीला मागं खेचत असते. सायकलच्या गोल नळीच्या मागंही असंच गरगरणं असतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. ती नळी पुढून गोल आणि मागं निमुळती केली, पाण्याचा थेंब ओघळताना दिसतो तशी, की वारा तिला दोन्ही बाजूंनी चाटून मागं गपचूप एकत्र येतो. झालं तुझं एअरो. हळू चालवणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. भाजी आणायला जाताना वारा कुणाला अडवत नाही. वेग वाढला की मात्र सगळं भांडण वाऱ्याशीच असतं.

आमच्याकडं एक बागायतदार आपल्या मुलासाठी अशी सायकल घेऊन आले होते. चांगली भारीतली. म्हणाले, "काकू, हिला स्टँड लावा, घंटी लावा आन् मागं कॅरेज बशीवा." मी म्हटलं, "दादा, मग म्हैस पण बांधा की मागं." ते हसले नाहीत. कॅरेज लावूनच घेऊन गेले. पुढं ती सायकल त्यांच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीत उभी दिसली, कॅरेजवर खताची रिकामी पोती. मला वाईट नाही वाटलं. तिथं ती कुणाचा जीव तरी घेणार नव्हती.

जीवाचं कशाला काढते म्हणशील. सांगते.

मी जन्मभर लोखंडाच्या सायकली केल्या. लोखंड बोलतं, दिलीप. आमच्याकडं एका दूधवाल्याची सायकल यायची. तिचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, आठवडाभर कुरकुरत होता. मग वाकला. मग रंग सुटला. मग कुठं तडा गेला, आणि तोवर दूधवाला शिव्या देत माझ्या दारात उभा होता. लोखंड आधी सांगतं, मग मोडतं. कार्बनचं तसं नाही. कार्बन म्हणजे काळा धागा, कापडासारखा विणून चिकात भिजवून भाजलेला. हलका इतका की चिमटा एका बोटावर तोलावा. ताकद अशी की रेस जिंकून देईल. पण तो कुरकुरत नाही, वाकत नाही, रंगही बदलत नाही. असतो तोवर असतो, आणि नसतो तेव्हा एका क्षणात नसतो. ज्या वस्तूला आजारी पडता येत नाही तिची मला भीती वाटते.

आता आमच्या बायकांविषयी. त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी थर्मलच्या चिमण्या थंड पडल्या होत्या, पाणीच नव्हतं. टँकर यायचा तो चढावरच्या माळावर थांबायचा, खाली वस्तीत उतरायचा नाही. गडीमाणसं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडं गेलेली. मागं उरल्या त्या बायका, म्हातारे आणि पोरं. पाणी आणायला घरोघरच्या पडक्या सायकली बाहेर निघाल्या. हँडलला दोन कॅन, मागं दोन कॅन, आणि उतार. सायकलींच्या कंबरा मोडायला लागल्या आणि त्या सगळ्या माझ्या अंगणात येऊन पडल्या. मी एकटी किती करणार? ज्या बाईची सायकल तिनंच पाना धरायचा, असं मी ठरवून टाकलं. त्या अंगणातूनच पुढं संस्था उभी राहिली. नोंदणी झाली, पाटी लागली, वार्षिक सभेत चहाबरोबर भांडणंही सुरू झाली.

त्या दिवसांतल्या दोन गोष्टी आमच्यात राहून गेल्या. एक म्हणजे हात लावणं. सायकल तयार झाली की दाराबाहेर जायच्या आधी प्रत्येक सभासद बाईनं एकेका नटाला आपल्या हातानं शेवटचा आटा, म्हणजे पिळा, द्यायचा. पाण्याच्या ओझ्यानं नट सैल व्हायचे, म्हणून जितका घट्ट तितका चांगला. शिवाय रस्त्यात काही झालं तर एकीकडं बोट दाखवायचं नाही. सगळ्यांचा हात लागलेला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हाळी. भरलेले कॅन घेऊन उतारावर जोरात ब्रेक दाबला तर पाणी पुढं हिंदकळतं, मागचं चाक उचलतं आणि बाई तोंडावर आपटते. म्हणून पुढं गेलेली बाई वळणावर थांबून, लांबून दिसावं म्हणून एक कॅन डोक्यावर धरून मागचीला ओरडायची, "पाणी हाय, पाणी! हळू उतर!" म्हणजे वळण आहे, ब्रेक हळूहळू धर, दोन्ही सारखे धर, थेंब सांडू देऊ नको. लहान पोरीसुद्धा ती हाळी ऐकून उतरायला शिकल्या.

त्यातलीच एक रूपाली. आमच्या पारूची मुलगी. पारू म्हणजे आमच्या संस्थेतली सगळ्यात दणकट बाई. दरसाल ऊसतोडीला जायची, आणि दुष्काळात मागं राहिली ती पायाला कोयता लागला म्हणून. तिचा पंजा बघशील तर पाना कशाला लागतो असं वाटेल. रूपाली आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आईच्या मागं पाण्याची सायकल घेऊन पळायची. ती पळता पळता शाळेच्या रेसमध्ये पळाली, मग जिल्ह्याच्या, मग तिला राज्याच्या निवड शर्यतीला बोलावणं आलं. घाटातली शर्यत. आणि पोरगी चालवत होती ती जुनी अॅल्युमिनियमची सायकल, जिचा गिअर तिसऱ्यावर टाकला की चौथ्यावर जायचा.

सभा भरली. संस्थेनं रूपालीला एअरो सायकल बांधून द्यायची, असा ठराव मुक्तानं मांडला. मुक्ता आमची सेक्रेटरी, संस्थेचा टेम्पो तीच चालवते आणि बोलतेही टेम्पोसारखीच. पारू एकटी म्हणाली, "माझ्या पोरीला वाऱ्यावर सोडू नका गं." तिला कुणी ऐकलं नाही. ठराव झाला.

निवड माझ्यावर आली. हे नीट ऐक, तुझ्या कामाचं आहे. आधी सायकल बघायची नाही, आधी पोरगी बघायची. मी रूपालीला भिंतीला उभं केलं आणि सुतळीनं मापली: टाचेपासून जांघेपर्यंत, कंबरेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून मुठीपर्यंत. रेसची एअरो फ्रेम लांब आणि खाली वाकवणारी असते. पाठ, मान आणि पोट त्याला तयार नसेल तर अर्ध्या रस्त्यात माणूस उठून बसतं, आणि उठून बसलं की छाती वाऱ्याला आडवी. म्हणजे सगळं एअरो फुकट. सायकलीपेक्षा माणूसच जास्त वारा अडवतं, हे दुकानदार सांगणार नाही. रूपालीची पाठ तयार होती, कॅन वाहून.

मग फ्रेम. नवी परवडणारी नव्हती. पुण्याच्या एका जुन्या शर्यतपटूंनी आपली उतरवलेली कार्बन फ्रेम देऊ केली. माप जुळत होतं. मी ती उन्हात धरून वीत-वीत तपासली, नाण्यानं हळूहळू वाजवत गेले. चांगला कार्बन टणटण वाजतो, आत काही सुटलं असेल तर थपथप. सगळीकडं टणटण. चाकं उंच कडांची असतात, ती वाऱ्याला बरी कापतात. पण पोरगी हलकी आणि आमचा घाट उघडा. कडेचा वारा आला तर उंच कडेचं पुढचं चाक हातातून हिसकून घेतं. म्हणून मागचं उंच घेतलं आणि पुढचं ठेंगणं. मुक्ता म्हणाली, "काकू, ह्ये तर पुढं बकरी आन् मागं बैल असं दिसायलंय." दिसू दे म्हटलं.

जोडणी मी एकटीनं केली. तारा सगळ्या हँडलच्या आतून, फ्रेमच्या पोटातून जातात, बाहेर एकही दिसत नाही. आतड्यात दोरा ओवल्यासारखं काम. पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच जागेनं. चिमट्याची दांडी वर फ्रेमच्या नळीतून येते आणि हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल जोडणारा आखूड तुकडा, तिला दोन बोल्टांनी आवळून धरतो. ती दांडीही कार्बनची. सैल राहिली तर हँडल फिरेल. जास्त आवळली तर दांडी आतल्या आत चिरडेल, आणि ती चीर स्टेमखाली झाकलेली राहील. मग एखाद्या दिवशी उतारावर ब्रेक दाबला, अंगाचा भार हातांवर आला, की हँडल हातात आणि चाक निराळ्या दिशेला.

त्या बोल्टाशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो: पाच. इतकाच जोर. तो मोजायला वेगळा पाना मिळतो. ठरवलेला जोर झाला की तो कट् करतो, मग हात काढायचा. मी तो मागवून घेतला होता. बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. मी बोल्टाला पाना लावला, जरासा फिरवला, कट्. दुसऱ्याला, कट्. झालं. आणि सांगितलं, "हिला हात लावायचा कार्यक्रम न्हाई करायचा. ही वेगळी हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. पारू माझ्या मनगटाकडं बघत होती.

रूपाली दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाईकडं घाट चढून जाणार आणि तोच घाट उतरून परत येणार असं ठरलं.

सकाळी मी वर्कशॉपला आले तेव्हा ती निघून गेली होती. मुक्ता चहा गाळत होती. तिनं कप पुढं केला आणि उगाच लाडात म्हणाली, "काकू, रागवणार न्हाई ना?"

"कशाला?"

"काल तुमी जेवायला गेलता ना, तवा आमी समद्यांनी हात लावून घेतला रूपीच्या सायकलीला."

मी म्हटलं, "कुठं?"

"हँडलापाशी. तिथं लई सैल व्हतं ओ काकू. तुमी दोन बोटांनी फिरवल्यावानी फिरवलं. आमाला वाटलं, काकूच्या हाताला आता जोर ऱ्हायला न्हाई. तोंडावर कसं म्हणायचं? तुमाला वाईट वाटलं असतं. म्हणून एकेकीनं आटा दिला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला की पडला, आठवत नाही. एवढं आठवतं की तोंडात राखेसारखी चव आली. रागावण्याइतकाही जीव उरला नव्हता. त्यांनी मायेपोटी केलं होतं, माझ्या आणि पोरीच्याही. असल्या मायेवर कुणाला ओरडणार?

"फोन लाव तिला."

फोन तिथंच कपाटावर वाजला. खिशात वजन नको म्हणून पोरीनं ठेवून दिला होता.

टेम्पो काढला. मुक्ता स्टिअरिंगवर, मधे मी, कडेला पारू. पारूला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून चढली. वस्ती मागं पडली. घाटाच्या पायथ्याशी राखेच्या गाड्यांची रांग, एक चढते, एक उतरते, सगळीकडं धूसर. मुक्ता हॉर्नवर हात ठेवून होती.

पारू म्हणाली, "काकू, कावून इतक्या घाबरल्यात? काय झालंय?"

तिला काय सांगू आणि काय ठेवू, याचा विचार करायला वेळ नव्हता. सांगितलं. दांडी चिरडली असेल. नसेलही. वरून कळत नाही. ती पहिला जोराचा ब्रेक दाबेल तेव्हाच कळेल.

पारू अगदी हळू म्हणाली, "शेवटचा आटा माझा व्हता. बाकीच्यांचं झाल्यावर मी अजून दाबून दिला. म्हटलं, माझी लेक हाय."

मुक्तानं गाडी कचकन पुढं काढली. मी पारूच्या मांडीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात मला दुसरी भीती सुचली, पहिलीपेक्षा मोठी. आम्ही तिला थांबवणार कशा? रस्त्यात उभ्या राहून हात हलवले, टेम्पो आडवा घातला, तर पोरगी घाबरून दोन्ही ब्रेक करकचून दाबणार. नेमकं तेच करायचं नव्हतं. तिला थांबवायला गेलो तर आम्हीच तिला मारू. आणि नाही थांबवलं तर पुढच्या वळणावर तिला ब्रेक दाबावाच लागणार. एखादी राखेची गाडी समोर आली तर त्याआधीच. मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरले आहे, दिलीप. पण एखादी गोष्ट केली तरी मरण आणि नाही केली तरी मरण, असं त्या एकाच सकाळी झालं.

मुक्ताला म्हटलं, "सरळ रस्त्याला लाव गाडी, लांबून दिसंल अशी. पार कडंला."

गाडी थांबली. मागं हौद्यात वर्कशॉपचे पाण्याचे कॅन होते, रिकामे. माझी नजर त्यांवर पडली आणि मी पारूला म्हटलं, "कॅन घे. डोक्यावर घे."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं निळा कॅन उचलून डोक्यावर धरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, टँकरवरून येताना वळणावर उभी राहायची तशी. पदर कंबरेला खोचलेला. मुक्ता तिच्या पलीकडं, मी अलीकडं.

वर वळणावर रूपाली दिसली. वाकलेली, हँडलवर हनुवटी टेकल्यासारखी. सायकलचा आवाजच नाही. आम्ही बांधलेली सायकल इतकी देखणी पळत होती की दुसरा दिवस असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तिच्या मागं राखेची गाडी उतरत होती. पारूनं हाळी दिली:

"पाणी हाय, पाणी! हळू उतर! रूपे, पाणी हाय!"

आम्ही तिघी ओरडत होतो. वाऱ्यात तिला काय ऐकू आलं असेल देव जाणे. पण कॅन दिसला असणार. डोक्यावर कॅन घेतलेली आई घाटाच्या कडेला कशाला उभी आहे, हे तिच्या डोक्याला कळायच्या आधी तिच्या बोटांना कळलं. मी बघत होते तिच्या बोटांकडं. ती घट्ट मिटली नाहीत. थोडी धरली, थोडी सोडली. पुन्हा थोडी धरली. अंग मागं सरकवलं, हातांवरचा भार काढला, सगळं वजन सीटवर. हँडलला भरलेले कॅन लटकत असल्यासारखी ती उतरत आली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला आणि शिवी हासडून बाजूनं निघून गेला. राखेचा लोट आला. त्या लोटात ती दिसेनाशी झाली. पारूनं माझा दंड धरला, तो पुढं कितीतरी दिवस काळानिळा होता.

राख खाली बसली तेव्हा रूपाली आमच्यापासून दहा-बारा पावलांवर एक पाय टेकवून उभी होती.

"काय गं आई? कुठलं पाणी?"

पारूनं कॅन टाकून दिला, तो गडगडत उतारानं गेला. मी सायकलचं हँडल हातात घेतलं, अगदी अलगद, आणि विचारलं, "चालताना काही जाणवलं का? आवाज? थरथर?"

"काहीच न्हाई काकू. लोण्यावानी चालली."

ते ऐकून मी आणखीच घाबरले.

वर्कशॉपला आणून सगळ्यांच्या समोर स्टेम उतरवला. दांडीवर एक रेघ होती, बाभळीच्या काट्यानं ओढावी तशी, अर्ध्याहून जास्त वेढा घातलेली. मी नख फिरवलं, अडकलं. नाण्यानं वाजवलं. थप. बायका एकेक करून पुढं आल्या, प्रत्येकीनं नख फिरवून बघितलं आणि मागं जाऊन भिंतीला टेकली. रूपालीनं शेवटी फिरवलं. मग ती बाहेर गेली, माठातलं पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि पायरीवरच बसली.

पारू आत यायलाच तयार नव्हती. दारात उभी राहून स्वतःच्या पंजाकडं बघत होती. मी तिला हाक मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती. तेवढी एक गोष्ट मला अजून टोचते.

नवा चिमटा वेळेत मिळाला नाही. निवड शर्यत रूपाली त्याच जुन्या अॅल्युमिनियमच्या सायकलवर पळाली. कितवी आली विचारल्यावर म्हणाली, "मागनं मोजा काकू, लवकर घावंल." हसत म्हणाली. पारू मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

नवा चिमटा आला तेव्हा पुन्हा सगळ्या जणी जमल्या. ह्या वेळी मी कुणालाच बाजूला उभं केलं नाही. तो मोजणारा पाना एकेकीच्या हातात दिला, सरावाला एका मोडक्या चिमट्यावर. कट् झालं की थांबायचं. मुक्ता म्हणाली, "ह्येचं तर ऐकावं लागतंय." मी म्हटलं, "व्हय, आन् कुणाचंच ऐकायची सवय न्हाई तुला." हसल्या सगळ्या. मग खऱ्या सायकलीवर बोल्ट बसवला आणि एकेकीनं पाना धरून तो कट् ऐकला.

पारूनं पाना घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी होती. रूपालीनं तिचा एक हात ओढून पुढं आणला आणि स्टेमवर ठेवला. पारूनं बोटं मिटली नाहीत. तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा नुसता तळवा टेकवला, जरा वेळ, आणि काढून घेतला. तेव्हापासून आमच्याकडं हात लावायचा तो तसाच. लोखंडाची असो की कार्बनची.

रूपाली आता त्याच सायकलवर शर्यती करते. चांगल्या करते. पण ती घाटात गेली की मी आणि पारू पायरीवर बसून असतो. पारू जोंधळे निवडायला घेते आणि निवडलेलेच परत निवडते. मला ती दांडी दिसते, तिच्यावर नसलेली रेघही दिसते. मग फोन वाजतो. फोन आता ती खिशात ठेवते, त्याबद्दल कुणीही काही म्हणो. पलीकडून एवढंच म्हणते, "काकू, पाणी खाली उतरलं." पारूला मी मान हलवून सांगते, आणि ती उठून चहा टाकते.

तर दिलीप, काळी की निळी ते मला विचारू नको. सईला घेऊन ये, सुतळीनं मापून देते. सायकल घेतलीच असशील तर पेटीसकट आण, मी उघडून बघेपर्यंत तिला उतारावर नेऊ देऊ नको. पण ये म्हणजे लवकर ये. बायकांनी त्या वेळी माझ्या हाताबद्दल जे चुकून गृहीत धरलं होतं ते आता हळूहळू खरं व्हायला लागलंय. पाना धरला की मनगट थरथरतं. कट् अजून ऐकू येतो, तेवढ्यातच ये. अंबाजोगाईवरूनच येशील ना? मग गाडी हळू उतरव. वळणावर आम्ही कुणी ना कुणी उभ्या असू.